लाल लोकरीची गाठ

काकूंच्या घरात कुठलं काम उरकलंय आणि कुठलं राहिलंय हे कुणाला विचारावं लागत नसे. उरकलेल्या प्रत्येक गोष्टीला त्या लाल लोकरीचा तुकडा बांधून ठेवत. लोणच्यात मीठ पडलं की बरणीच्या गळ्याला दोरा. म्हशीची धार काढली की तिच्या शिंगाला दोरा. टाकी भरली की तोटीला दोरा. एकदा मी तापानं फणफणले होते, तेव्हा सकाळची गोळी समोर बसून मला गिळायला लावली आणि माझ्या मनगटालाच दोरा बांधून त्या शेतावर निघून गेल्या. दुपारी येऊन तो सोडला आणि दुसरी गोळी दिली. मी हसले तर म्हणाल्या, "हास. पन दोरा पाह्यला का मानूस दुसऱ्यांदा हात लावत नाही."

ही सवय त्यांना शेडनेटनं लावली होती. दुसरबीडच्या त्या पट्ट्यात भाजीपाल्याचं बियाणं पिकवतात. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली मिरचीची झाडं, नराची वेगळी आणि मादीची वेगळी. बाया सकाळी मादीच्या कळीतले केसर चिमट्यानं काढतात, तिला नराचा पराग लावतात आणि झालेल्या फुलाच्या देठाला लोकरीचा दोरा बांधतात. याला क्रॉसिंग म्हणतात. दोरा असला म्हणजे ते फूल झालं, त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही. नवरा गेल्यावर काकूंनी याच कामावर घर चालवलं, पोर वाढवलं. त्यांची गाठ कुठेही ओळखू यायची. दोन वेढे, एक पीळ, आणि उरलेलं टोक कात्रीनं न कापता दातानं तोडलेलं.

तशीच एक गाठ आज तालुक्याच्या कोर्टात मुद्देमाल म्हणून मोहोरबंद पाकिटात पडून आहे.

मी मूळची वरवट बकालची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. दुसरबीडला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला लागले तेव्हा काकूंच्या अंगणापलीकडची एक खोली भाड्यानं घेतली. खोलीतच कोपऱ्यात मोरी, तिला कमरेएवढी भिंत. पूर्वी ही परागाची खोली होती. मोरीसमोरच्या उंच फळीवर एक जुनी लाकडी पेटी होती, आत बल्बचं होल्डर. तिच्यात पूर्वी पराग वाळवत असत. पेटी राहू दे, लागली तर लागेल, असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी तिच्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

लाजेच्या बाबतीत काकू भलत्याच कडक. रिकाम्या खोलीतसुद्धा खाकरल्याशिवाय शिरायच्या नाहीत. लुगडं बदलताना भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर उलटं करायच्या. देवाची कसली लाज, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "देव असला तरी बाप्याच हाये ना." माझ्या दारावर थाप मारली की मी 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभ्या राहायच्या, पाऊस असला तरी. घर माहं, खोली तुही, असं त्यांचं साधं गणित. बियाणं कंपनीचा सुपरवायझर एकदा क्रॉसिंग करणाऱ्या बायांच्या पाठीमागं जाऊन गुपचूप उभा राहिला, तर त्याला शेडबाहेर काढून त्यांनी सांगितलं की समोरून ये, आवाज दे, मग काय पाहायचं ते पाहा. तो बिचारा पुढच्या खेपेपासून फाटकातच शिट्टी वाजवायचा.

मला त्या 'मॅडम' म्हणत आणि त्याच दमात 'तू' म्हणत. "मॅडम, तू जेवली का?" त्यांच्या तोंडी ते इतकं गोड लागायचं की मी कधी सुधारलं नाही. नव्या बायांना त्या शिकवत, "नराचं झाड वायलं लावाव अन् त्याच्यावर नजर ठेवाव." बाया तोंडाला पदर लावून हसत. काकू हसत नसत. त्यांच्या लेखी ते शेतीचं वाक्य होतं.

त्यांचा मुलगा पंचविशीच्या पुढचा, एकुलता एक. गावातल्या दुकानांना, शेडनेटना सीसीटीव्ही बसवून द्यायचा. मला 'ताई' म्हणायचा, मान खाली घालून बोलायचा, पाण्याचा जार उचलून दारापर्यंत आणून ठेवायचा. मला तो भला वाटायचा. हे लिहितानाही तोंड कडू होतं.

त्या वर्षी क्रॉसिंग ऐन भरात आलं आणि काकू बिघडल्या. म्हणजे मला तसंच वाटलं. एक दिवस सकाळीच येऊन म्हणाल्या, तुझ्या मोरीचं पाणी तुंबतं, आजपासून माझ्याकडं न्हायला ये. पाणी काही तुंबत नव्हतं. मी तसं सांगितलं तर दुपारी मी कॉलेजात असताना जवळच्या दुसऱ्या किल्लीनं खोली उघडून मोरीला त्यांचं जुनं नऊवारी लुगडं आडवं बांधून ठेवलं. न विचारता त्या माझ्या खोलीत कधीच आल्या नव्हत्या, म्हणून मला नवल वाटलं आणि थोडा रागही आला. मग त्या मला घरी जाऊन ये म्हणून मागे लागल्या. तुही माय वाट पाहत असंल, जाय आठ दिवस. माझी आई फोनवर म्हणाली, म्हातारीले भाडेकरू नको झाला असंल, दुसरी खोली पाह्य. कॉलेजातल्या मैत्रिणींपुढे मी काकूंची नक्कल करायचे. त्या हसून हसून बेजार व्हायच्या.

लुगडं वाऱ्यानं सरकायचं, कधी भिजून खाली पडायचं. मी ते नीट लावण्याची तसदी घेत नसे.

एका रविवारी मोरीच्या वर दोरी बांधावी म्हणून मी खुर्चीवर चढले. पेटी मधे येत होती. सरकवायला गेले तर तिच्या मागून एक नवी पांढरी वायर बटणाच्या बोर्डाकडे गेलेली दिसली. बंद पडलेल्या पेटीला नवी वायर कशाला? मी झाकण उघडलं. आत बल्ब नव्हता. शर्टाच्या गुंडीएवढं काळं भिंग पेटीच्या फटीला लावून ठेवलेलं होतं आणि त्या फटीतून माझी मोरी सरळ दिसत होती.

पण त्याहून वाईट पुढचं होतं. त्या वायरीला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला होता. दोन वेढे, एक पीळ, दातानं तोडलेलं टोक.

खाली उतरून मी किती वेळ भिंतीला टेकून बसले कुणास ठाऊक. ज्यानं कॅमेरा लावला त्याचा राग नंतर आला. आधी मनात एवढंच घोळत होतं की काकूंनी हे पाहिलंय, आणि पाहून गाठ मारलीय.

कॉलेजात माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण चिखलीला वकिली करते. तिला फोन लावला. ती आधी म्हणाली, हात लावू नकोस. वायर ओढू नकोस, कार्ड काढू नकोस, फोडायचं तर मनातही आणू नकोस, पुरावा जाईल. फोटो काढ, खोलीला तुझं स्वतःचं कुलूप घाल, किल्ली कुणाला देऊ नकोस आणि एकशे बाराला फोन कर. न्याय संहितेचं सत्त्याहत्तरावं कलम सांग, बाईला चोरून पाहण्याचं. तक्रार बाई अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते, तसा आग्रह धर. मी विचारलं, त्यानं ते चित्रण कुणाला पाठवलंच नसेल तर? ती म्हणाली, पाठवलं तर आणखी वाढतं, पण नुसतं पाहिलं तरी गुन्हा आहे. मी म्हटलं, घर त्यांचं आहे, ते म्हणतील आमच्या घरात आम्ही काहीही लावू.

"घर त्यांचं असेल," ती म्हणाली, "आंघोळ तुझी आहे."

मी कुलूप घातलं, फोन केला आणि शेडकडे निघाले. शेत घरामागंच होतं. काकू एका ओळीत वाकून काम करत होत्या, बाकीच्या बाया पलीकडे. मी आवाज न देता त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. त्यांना ते आवडत नाही हे मला माहीत होतं.

"काकू, पेटीतला दोरा तुमचा आहे?"

त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग त्या मागं वळल्या.

"त्याच्या मोबाइलात तुही मोरी दिसली, तवाच मी त्याले काढ म्हनलं होतं," त्या म्हणाल्या. "हाव म्हनला होता तो."

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

त्यांनी चिमटा कमरेला खोचला. मी विचारलं, तुम्हीच का नाही तोडून टाकला? तर हळूच म्हणाल्या, मी तोडला असता तर त्यानं दुसरा लावला असता, त्याच्याच हातानं निघायला पाहिजे होता. मग दोरा कशाला बांधला, असं मी ओरडूनच विचारलं. पलीकडच्या बाया आमच्याकडे बघायला लागल्या.

"त्याले बोलले. तुह्या मोरीले लुगडं लावलं," काकू म्हणाल्या. "वाटलं, झालं."

त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं. पोराला दटावलं, पोरीला आडोसा केला, काम उरकलं. आणि सवयीच्या हातानं गाठ बसली. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की जी बाई देवाचं तोंड भिंतीकडे फिरवते, तिनं मला त्या भिंगासमोर उभं राहू दिलं. माझ्या तोंडून त्यांना जे शब्द गेले ते मी इथं लिहीत नाही. ते मला मागेही घ्यायचे नाहीत.

मोटारसायकलवर एक हवालदार आला. पेटी, मोरी, वायर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, घर त्यांचं, कॅमेरा त्यांचा, तुमचं काही चोरीला गेलंय का? मी मैत्रिणीला फोन लावून तो त्याच्या कानाला दिला. ती काय बोलली माहीत नाही, पण तो बाजूला जाऊन ठाण्यात बोलला आणि येऊन सांगितलं की ठाण्यातल्या बाई अधिकारी दुसरीकडे बंदोबस्तावर आहेत, येतील, थांबा. तोपर्यंत काकूंचे थोरले दीर आले होते, चार मोठी माणसं घेऊन. त्यांनी हवालदाराला चहा पाजला. मग मला समजावलं. पोराचं लग्न जमत आलंय. तुम्हीही लग्नाच्या आहात, बोभाटा झाला तर नाव कुणाचं खराब होईल? घरातली गोष्ट घरात मिटवू, पोरगा तुमच्या पाया पडेल. सगळं कसं गोडीगुलाबीनं. माझी किल्ली माझ्या मुठीत होती आणि मूठ घामानं चिकट झाली होती.

तेवढ्यात मुलगा आला. आल्याबरोबर तो माझ्याकडे न बघता खोलीच्या दाराकडे गेला. एका लाथेत निघेल असं ते दार होतं. आणि मग मी पाहिलं की काकू शेडवरून कधीच आल्या आहेत आणि माझ्या उंबऱ्यावर बसल्या आहेत, पाठ दाराला लावून.

थोरल्या दिरासमोर काकू कधी बसत नसत. ते अंगणात आले की पदर पुढं ओढून आडोशाला उभ्या राहायच्या. इतक्या वर्षांचा रिवाज होता तो. त्या दिवशी बसल्या त्या उठल्याच नाहीत.

"आई, सरक," मुलगा म्हणाला. "आतमधी माहं सामान हाये, काढून घेतो."

काकू सरकल्या नाहीत.

"आई, मी काय म्हनून राह्यलो?"

दिरांनीही दोनदा सांगितलं. हवालदार चहाचा कप हातात घेऊन बघत होता. काकू कुणाच्या बाजूनं बसल्यात हे मला कळत नव्हतं. त्या मुलाला आत जाऊ देत नाहीत, की प्रकरण बाहेर येऊ देत नाहीत? त्या माझ्याकडेही बघत नव्हत्या. मुलानं खाली वाकून त्यांचा दंड धरला, आणि मला वाटलं आता हा त्यांना फरफटत बाजूला करणार. त्यानं धरून ठेवला, मग सोडला. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत आम्ही सगळे असेच थांबलो. त्या चहानंतर त्या घरात कुणी पाणीही प्यायलं नाही.

बाई अधिकारी आल्या त्या वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी बाकीच्यांना अंगणाबाहेर काढलं, माझं म्हणणं शांतपणे लिहून घेतलं आणि दोन पंच आणि मुलाला बोलावून खोली उघडायला लावली. काकू आपणहून उंबऱ्यावरून उठून बाजूला झाल्या. आता जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून एक शिपाई मोबाइल धरून उभा राहिला. माझ्या मोरीचं पुन्हा चित्रण होत होतं. या खेपेला मला विचारून होत होतं, एवढाच फरक, पण तो फरक केवढा मोठा आहे ते मला तिथं उभं राहून कळलं.

पेटी उघडल्यावर मुलानं कॅमेऱ्याबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, हा कॅमेरा माझा नाहीच. ताईंनीच लावला, मला अडकवायला. खोली त्यांची, कुलूप त्यांचं, मी आत जाईन कसा? अधिकाऱ्यांनी वायरीकडे बोट दाखवून विचारलं, हा दोरा कुणी बांधला? तो म्हणाला, त्याहीनंच बांधला असंल.

दारात काकू उभ्या होत्या. कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

"दोरा माहा हाये," त्या म्हणाल्या.

दीर बाहेरून म्हणाले की म्हातारी भ्रमिष्ट आहे, म्हशीलासुद्धा दोरे बांधते. ते खोटं नव्हतंच. पण पंचनाम्यात ते तीन शब्द उतरले आणि गाठ कापू नये म्हणून वायरीसकट पाकिटात गेली.

पहिल्या वेळच्या या गुन्ह्याला जामीन मिळतो. त्याला तो लगेच मिळाला आणि तो आईच्या घरी परतला. मी बाहेर पडले. सिंदखेडराजात खोली शोधायला लागले तर माझ्याआधी माझी कीर्ती पोचलेली. घरमालकावर केस करणारी बाई आम्हाला नको, असं एका बाईनं हसत हसत सांगितलं. मोबाइल आणि कार्ड तपासणीला गेलं. त्यात काय काय होतं ते मला अधिकाऱ्यांनी थोडक्यात सांगितलं आणि मी जास्त विचारलं नाही. आणखी कुणी पाहिलं का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. बसस्टँडवर एखादा अनोळखी माणूस माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायला लागला की मला अजून तोच प्रश्न पडतो. तो प्रश्न घेऊनच मी जगते.

केस उभी राहिली तेव्हा सरकारी वकिलांना एकाच गोष्टीची धास्ती होती. म्हातारी फिरेल. कुठली आई पोराविरुद्ध बोलते? आणि रोज त्याच्याच ताटात भाकरी वाढते ती. मलाही तसंच वाटत होतं. काकू फिरल्या असत्या तर दोऱ्याला काही अर्थ उरला नसता आणि कॅमेरा मीच लावला हे त्याचं म्हणणं सरळ उभं राहिलं असतं.

त्यांच्या साक्षीच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात लवकर जाऊन बसले. काकू आल्या त्या मुलाच्याच मोटारसायकलवर, मागे बसून, त्याच्या खांद्याला धरून. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. एस्टी चुकली म्हनून आनलं त्यानं, एवढंच काकू म्हणाल्या, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना चपला खाली काढून ठेवल्या.

पाकीट उघडलं. गाठ दाखवली. त्यांनी ती बोटानं चाचपली आणि आपलीच आहे म्हणून सांगितलं. कॅमेरा कुणी लावला, तर पोरानं. कशावरून, तर त्याच्या मोबाइलात मोरी दिसली आणि त्यानं मला 'काढतो' म्हटलं यावरून. मग मुलाचा वकील उठला. तो गावचाच, काकूंना मावशी म्हणणारा. त्यानं आवाज अगदी मऊ ठेवला होता. मावशी, हा तुमचा एकुलता एक ना? हाव. तुम्हीच त्याला लहानाचा मोठा केला ना? हाव. तुम्ही कॅमेरा पाहिला तरी ना ताईंना सांगितलं, ना पोलिसांना, ना शेजारणीला. म्हणजे वाईट असं त्यात काही नव्हतंच, हे तुम्हालाही ठाऊक होतं. नाहीतर तुमच्यासारखी बाई गप्प बसली असती का?

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. मी माझ्या ओढणीचं टोक इतकं पिळलं होतं की बोटं दुखत होती.

"माहा हाये म्हून गप बसले, साहेब," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा असता तं त्याच दिवशी झोडपत ठान्यात नेला असता."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सावकाश सांगितलं, 'आरोपी हा माझा मुलगा असल्याने मी कोणास सांगितले नाही.' निकाल अजून लागायचा आहे.

बाहेर आलो तेव्हा मोटारसायकल निघून गेली होती. काकू आवारातल्या लिंबाखाली उभ्या होत्या, पिशवी पोटाशी धरून. मी त्यांना माफ केलं नव्हतं, आजही केलेलं नाही. पण त्यांना तिथं एकटं सोडून जाववेना. मी न बोलता पिशवी घेतली आणि आम्ही बसस्टँडवर गेलो. दुसरबीडकडची गाडी लागलेली होती. मी त्यांना पायरी चढायला हात दिला. खिडकीशी बसल्यावर त्यांनी विचारलं की आता खोली कुठं घेतली. मी सांगितलं, वरच्या मजल्यावर, घरमालकीण चांगली आहे, मायाळू आहे.

"साऱ्या फळ्या पाह्यल्या का?"

पाहिल्या, मी म्हटलं.

कंडक्टरनं घंटी दिली. काकूंनी खिडकीच्या गजाला धरून तोंड बाहेर काढलं.

"पुन्हा एक डाव पाह्यजो," त्या म्हणाल्या. "घरमालकीन किती बी चांगली असू दे."